पाठ नसलेला कोट

मुनवरच्या स्टुडिओतल्या कोटाला पाठ नव्हती, हे अख्ख्या लोहाऱ्याला ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तीस वर्षांपूर्वी बिबीजाननं, म्हणजे मुनवरच्या बायकोनं, सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणलेला एक काळा कोट उसवला आणि त्याचा नुसता पुढचा भाग ठेवला. कॉलर होती, बाह्या होत्या, वरच्या खिशात पांढऱ्या रुमालाचा त्रिकोण टाके घालून कायमचा बसवला होता, आणि पाठीच्या जागी फक्त दोन नाड्या, एक मानेशी आणि एक कमरेशी. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की मुनवर मागं जाऊन नाड्या बांधायचा. काटकुळ्या माणसाला आवळून, पोटवाल्याला सैल. एकच कोट सगळ्या तालुक्याच्या मापाचा होता.

दुकान तहसील कचेरीच्या समोर, बाजूला जीपगाड्यांचा थांबा. दाखल्याला, अर्जाला, ओळखपत्राला फोटो हवा असलेला माणूस जीपमधून उतरला की तडक मुनवरच्या दारात. अलीकडं कॉम्प्युटरवर कोट चिकटवता येतो आणि मुनवरचा पुतण्या मुजफ्फर ते काम चुटकीसरशी करायचा. पण पन्नाशीपुढची माणसं त्याला राजी नसत. कॉम्प्युटरातला कोट खोटा असतो म्हणत, आणि ह्या बिनपाठीच्या कोटात हात घालून छाती काढून बसत. मुनवरला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही. माणसाला फोटोत जसं दिसावंसं वाटतं तसं त्याला दिसू द्यायचं, हेच आपलं काम, असं तो मानत आला होता. चेहऱ्यावरचा वण फिका करावा, पडका दात सावलीत ठेवावा, विधवा बाईच्या डोळ्याखालचं काळं थोडं पुसावं. त्यानं कुणाचं काय बिघडतं?

बिघडतं, असं सांगणारा माणूस मार्चमध्ये पुण्याहून आला.

अमरसिंह त्याचं नाव. पस्तिशीचा, दाढी राखलेला, गळ्यात मुनवरच्या दुकानापेक्षा महागडा कॅमेरा. आईचं माहेर तुळजापूरचं, तेवढ्या भांडवलावर 'मी तुमच्याच मातीतला' हे वाक्य त्यानं गाडीतून उतरता उतरताच टाकलं. माणसं समाजाला जो खोटा चेहरा दाखवतात त्यावर तो फोटो काढत होता. कलेचे फोटो, दाखल्याचे नव्हेत. त्यानं तो कोट खुंटीवरून काढला, उलटा केला, नाड्यांवरून बोटं फिरवली आणि मुनवरकडं पाहून अगदी हळू आवाजात म्हणाला, "उस्ताद, सगळा समाज ह्या एका कोटात आहे."

छत्तीस वर्षांच्या धंद्यात मुनवरला कुणी उस्ताद म्हटलं नव्हतं. फोटोवाले म्हणत, मुनवरभाई म्हणत, उशीर झाला तर आणखी काहीबाही म्हणत. साठीला टेकलेला माणूस, नातवंडं असलेला, पण त्या एका शब्दानं हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसला. बिबीजाननं त्याच दिवशी त्याला सांगितलं होतं की, हा माणूस कोटाकडं बघतोय ते काही चांगल्या नजरेनं बघत नाही. मुनवरनं तिला शिलाईचं बघ म्हणून गप्प केलं.

अमरसिंहचा बेत साधा होता. मुनवरनं नेहमीसारखा समोरून फोटो काढायचा आणि त्याच वेळी स्टुलाच्या मागच्या कोपऱ्यात उभा केलेला अमरसिंहचा कॅमेरा मागून फोटो काढणार. प्रदर्शनात फक्त मागचे फोटो लागतील. मुनवरनं एकच गोष्ट विचारली, चेहरे दिसणार का? अजिबात नाही, अमरसिंह म्हणाला. झालं, मुनवरचं समाधान झालं.

इथंच त्याची चूक झाली, आणि ती दुसऱ्या कुणाची झाली नसती, फोटोवाल्याचीच व्हायची. आयुष्यभर त्यानं ओळखपत्राचे फोटो काढले. दोन्ही कान दिसले पाहिजेत, कपाळ मोकळं पाहिजे, नजर समोर पाहिजे. त्यामुळं माणसाची ओळख चेहऱ्यातच असते, चेहरा नसला की माणूसही नसतो, हे त्याच्या हाडात मुरलेलं. लोहाऱ्यासारख्या गावात माणूस पाठमोराच जास्त ओळखतात, रस्त्यानं पुढं चाललेल्याला हाक मारताना कुणी चेहरा बघायला थांबत नाही, हे त्याला सुचलंच नाही. "पाठीला कोण ओळखतंय?" असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत राहिला आणि चार दिवसांत एकोणीस माणसांनी त्याच्या शब्दावर अमरसिंहच्या कागदावर सह्या केल्या.

त्यातले अठरा जाऊ देत. एकोणिसावे होते शरणबसप्पा.

शरणबसप्पांना गाव अप्पा म्हणायचं. जुनी माणसं शेठही म्हणत, कारण बाजारपेठेत त्यांच्या वडिलांच्या नावानं गौरीशंकर क्लॉथ स्टोअर्स होतं. पाच वर्षांपूर्वी ते बंद झालं. अप्पांनी सांगितलं की आता वय झालं आणि बसवराजनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, काम करायचं नाही अशी ताकीदच दिली आहे. बसवराज हैदराबादला कंपनीत मोठा साहेब. तो सगळं बघतो, अप्पा सांगत. दिवाळीला अप्पा आणि त्यांची बायको शांताक्का आठ दिवस त्याच्याकडं जाऊन येत आणि आले की हैदराबादच्या गोष्टी सांगत. लोहाऱ्यात पोरावर चिडलेला प्रत्येक बाप त्या बसवराजचं नाव काढायचा. बघ जरा, म्हणायचा, त्या अप्पांच्या पोराकडं बघ.

अप्पा कायम पांढऱ्याशुभ्र धोतर-शर्टात. वर तपकिरी जाकीट, ते मे महिन्यातल्या उन्हातसुद्धा उतरायचं नाही. मठाच्या समितीत ते होते, आणि बसवजयंतीला निघणाऱ्या स्मरणिकेसाठी दरवर्षी त्यांचा कोटातला फोटो लागायचा. त्या फोटोपुरतं मात्र जाकीट उतरवावं लागे. मग मुनवर मागं जाऊन नाड्या बांधायचा, आणि त्या शर्टाला मूळची पाठ उरलेली नाही हे त्याला चार वर्षांपासून दिसत होतं. झिजून विरलेली पाठ शांताक्कानं कापून काढली होती आणि तिथं दुकानातल्या जुन्या कापडी पिशव्या उसवून जोडल्या होत्या. टाके इतके बारीक की बिबीजाननं पाहिले असते तर मान डोलावली असती. पिशवीवरची दुकानाची अक्षरं धुऊन धुऊन जवळजवळ गेली होती. मुनवरनं ह्यातलं एक अक्षर कधी तोंडातून काढलं नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. मुनवरला दिसलंय हे अप्पांनाही कळलं होतं. फोटो झाला की दोघं समोरच्या टपरीवरचा चहा घेत आणि इकडचं तिकडचं बोलत बसत.

मागच्या कोपऱ्यातला कॅमेरा बघून अप्पांनी जाकिटाला घातलेला हात थांबवला. मागून कशाला, एवढंच त्यांनी विचारलं.

"अप्पा, माझ्यावर इस्वास हाय ना?" मुनवर म्हणाला. "नुसती पाठ दिसंल. कुणाला काय कळत न्हाय."

अप्पांनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. मग जाकीट उतरवून खुंटीला लावलं, कागदावर सही केली आणि स्टुलावर ताठ बसले.

जुलैत धाराशिवला प्रदर्शन लागलं. उस्ताद म्हणून मुनवरला खास बोलावणं. तो इस्त्रीचा कुडता घालून, अत्तर लावून सकाळच्या एसटीनं गेला. स्टँडपासून त्या हॉलपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स उभे होते. हात जोडलेला, गोरापान केलेला, खऱ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तोच पुढारी फीत कापायला आला होता. बरोबर एक प्राचार्य, दोन-तीन अधिकारी, त्यांच्या बायका. भिंतींवर एकोणीस पाठी. कुणाच्या ब्लाऊजला मागून पिना, कुणाच्या बनियनला भोकं, कुणाच्या मानेवर मळ. पाहुणे हातात सरबत घेऊन हिंडत होते आणि एकमेकांना हळूच बोट करून दाखवत होते.

मग समोरच्या भिंतीवर मुनवरनं अप्पांची पाठ पाहिली.

माणसाच्या छातीएवढी उंच. सगळ्यांत मोठी तीच. नाडीची गाठ मुनवरच्या हातची. आणि त्या गाठीखाली, पिशवीच्या कापडावर, उलटी पण ठसठशीत अक्षरं, गौरीशंकर क्लॉथ स्टोअर्स, लोहारा. डोळ्यांना धड न दिसणारी ती अक्षरं आता काळीकुट्ट होऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाकडूनही वाचता येत होती. ती आपोआप तशी झाली नव्हती. मुनवरचा सारा जन्म लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग फिके करण्यात गेला, त्यामुळं डाग गडद कसा करतात हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ह्या माणसानं कॉम्प्युटरवर बसून, सवडीनं, एका म्हाताऱ्याची लाज शोधून वर काढली होती. खाली पट्टीवर नाव होतं, 'शेठ'.

मुनवरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो पाहुण्यांच्या घोळक्यात घुसला आणि त्यानं अमरसिंहचा दंड धरला. हा फोटो आत्ताच्या आत्ता उतरवा, त्यानं सांगितलं. चेहरा दिसणार नाही म्हणाला होतात.

चेहरा कुठं दिसतोय, अमरसिंह शांतपणे म्हणाला. मग पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तो बोलू लागला. हे चित्र कुणा एका माणसाचं नाही, ही आपल्या सगळ्यांची पाठ आहे, वगैरे. प्राचार्यांनी मान हलवली. पुढारी फार विदारक आहे म्हणाला आणि त्यानं फोटोपुढं उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला.

"ह्यांचा काढला का मागनं?" मुनवरनं पुढाऱ्याकडं सरळ बोट केलं. "रस्त्यानं तीस जागी उबे हायती, एक बी तोंड खरं न्हाय. ह्या भिंतीवर त्यांची पाठ कुठं हाय? तुमच्या पुण्याची एक तरी पाठ हाय का? सगळी आमचीच फाटकी गोळा करून आणली तुमी."

पुढाऱ्यानं खिशातला मोबाइल उगाच काढला आणि कानाला लावला. अमरसिंहच्या चेहऱ्यावरचं गोड हसू मात्र तसूभर हललं नाही.

"चाचा," तो म्हणाला, आणि उस्तादाचा चाचा झालेला सगळ्यांनी ऐकला, "सही तुमच्याच समोर झालीय. विश्वास ठेवा असं तुम्हीच त्यांना म्हणालात. मी नाही."

उत्तर नसलं की माणूस हात चालवतो. मुनवरनं भिंतीवरची ती फ्रेम खिळ्यावरून ओढून काढली. दोघा-तिघांनी त्याला धरलं, काचेला तडा गेला, कुणाची तरी बायको ओरडली. शेवटी अमरसिंहनं मोठ्या मनानं हात वर केला आणि राहू द्या, उतरवून ठेवू, म्हणाला. त्याला काय, दुसरा छापता येत होता.

आणि उतरवून उपयोग काय होता? मुनवर परतीच्या एसटीत बसला तोवर मुजफ्फरचा फोन आला. गावच्या ग्रुपवर तो फोटो फिरत होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'बसवराज साहेबांच्या वडिलांचा शर्ट बघा.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. गेली पाच वर्षं जे बाप आपापल्या पोरांच्या डोक्यावर बसवराज आदळत होते, त्यांची पोरं आता सगळा हिशेब चुकता करत होती. मुनवरनं फोन बंद केला आणि खिडकीच्या गजावर मूठ आपटली. शेजारचा माणूस सरकून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अप्पांच्या घरी गेला. शांताक्का दारातच उभ्या होत्या. या म्हणाल्या, पण वाटेतून बाजूला झाल्या नाहीत. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. अप्पा कालपासून कुणाशी बोलले नव्हते, जेवलेही नव्हते.

मुनवरनं हात जोडले. माझी चूक झाली म्हणाला, त्या हरामखोराला मी सोडणार नाही म्हणाला, पोलिसात जाईन, कोर्टात जाईन म्हणाला. शांताक्कांनी त्याला बोलू दिलं.

"त्याला सोडा न्हायतर धरा, आमाला काय त्याचं?" त्या म्हणाल्या. "शर्टाची लाज न्हाय वो आमाला. शर्ट म्याच शिवलाय. पोराचं नाव झाकलं व्हतं त्या शर्टाखाली. बसवराज सात वर्सं झाली आला न्हाय. फोन केला तर उचलत न्हाय. दिवाळीला हैदराबादला जातो म्हणून सांगतो आमी आणि आळंदला माझ्या भैनीच्या घरी जाऊन बसतो. आठ दिस. येताना सोलापुरातनं बिस्किटाचा पुडा आणायचा आणि पोरानं दिला म्हणून वाटायचा." त्यांनी पदर तोंडावर घेतला, मग परत काढला. "पोराला कुणी नावं ठेवू नये म्हणून ह्यांनी येवढं केलं. आन् आता सगळं गाव त्याला फोन करकरून शिव्या घालतंय."

शर्ट मुनवरला ठाऊक होता, शर्टाखालचं हे काहीच ठाऊक नव्हतं. काल भर हॉलमध्ये आपण अप्पांच्या गरिबीसाठी भांडलो आणि अप्पा तर गरिबी झाकतच नव्हते, हे त्याला आत्ता कळत होतं. खोटा चेहरा, खोटा चेहरा म्हणून तो पुण्याचा शहाणा नाचत होता. त्याला काय ठाऊक, ह्या खोट्याला किती कष्ट पडलेत. घरी येऊन तो बिबीजानवर विनाकारण खेकसला. ती उलटून बोलली नाही, त्यानं तो आणखी चिडला. चार दिवस त्यानं स्टुडिओत एकही धड फोटो काढला नाही. जो येईल त्याच्यावर राग. मान सरळ करा, कान दाखवा, हलू नका. माणसं बिचकून निघून जायची.

रविवारी सकाळी दुकानासमोर पांढरी गाडी थांबली. आधी बसवराज उतरला. चाळिशीचा, अंगानं सुटलेला, हातात मोबाइल. मग दुसऱ्या बाजूनं अप्पा. अंगात कोरा करकरीत शर्ट, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. जाकीट नव्हतं.

"चाचा, ओळखलंत ना?" बसवराज आत येत म्हणाला. त्याचा आवाज घाईतला होता. गेले आठ दिवस त्याला कामसुद्धा सुचत नव्हतं, म्हणाला. कोण कुठले लोक फोन करून वाटेल ते बोलतात, ऑफिसातल्या एका मराठी माणसापर्यंत तो फोटो पोचला. अप्पांना मी काय कमी केलं होतं? मागितलं असतं तर शंभर शर्ट पाठवले असते. त्यांनीच माझी बेअब्रू केली. हे सगळं तो अप्पांच्या देखत, अप्पा तिथं नसल्यासारखं बोलत होता. आता एक फोटो हवा होता. वडील आणि मुलगा, एकदम झकास. तो ग्रुपवर टाकला की लोकांची तोंडं बंद. दुपारी जेवून लगेच परत निघायचं होतं.

ह्याची कॉलर धरावी, ह्याला फरफटत चौकात न्यावं, आळंदची आठ दिवसांची दिवाळी आणि बिस्किटाचा पुडा गावाला ओरडून सांगावा, असं मुनवरला वाटलं. अमरसिंहला हवा होता तो खोटा चेहरा हा इथं उभा होता, आणि त्याचा फोटो काढायला कुणी पुण्याहून येणार नव्हतं. तुझा फोटो काढणार नाही, नीघ, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

"मुनवरभाई," अप्पा म्हणाले. आठवड्यात पहिल्यांदाच ते त्याच्याशी बोलत होते. "काढा की."

ते स्टुलाकडं गेले. बसायच्या आधी त्यांनी मान वळवून मागच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं आता काही नव्हतं, नुसता काळा पडदा. तरी त्यांनी पडद्याच्या खालून वरपर्यंत एकदा नजर फिरवली आणि मगच बसले. तीस वर्षांत ह्या स्टुडिओत अप्पांनी कधी मागं वळून पाहिलं नव्हतं. मुनवरनं ते बघितलं आणि खाली मान घालून दिव्यांची बटणं लावली. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

बसवराज अप्पांच्या बाजूला उभा राहिला. मुनवर कॅमेऱ्यामागं गेला आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाला, "हात खांद्यावर ठिवा."

बसवराजनं हात ठेवला आणि दात दाखवून हसला. मुनवरनं कॅमेऱ्यातून अप्पांकडं पाहिलं. अप्पा कॅमेऱ्याकडं बघत नव्हते. त्यांचे डोळे अर्धवट मिटले होते. ज्या खांद्यावर हात होता तो खांदा त्यांनी किंचित वर उचलून धरला होता, हात घसरू नये म्हणून. त्यांचा श्वास मोठा झाला होता. मुनवर थांबला.

"घाई करू नका, मुनवरभाई," अप्पा डोळे न उघडता म्हणाले. "निवांत काढा."

मुनवरला सगळं समजलं. हा फोटो ग्रुपसाठी नव्हता, लोकांची तोंडं बंद करायला नव्हता, निदान अप्पांसाठी तरी नव्हता.

त्यानं अप्पांना डोळे उघडायला सांगितलं आणि बटण दाबलं. फोटो पहिल्याच झटक्यात उत्तम आला होता. उजेड जागच्या जागी, बापाच्या डोळ्यांत पाणी, मुलाचं हसू छान. छत्तीस वर्षांत एवढा चांगला फोटो त्यानं काढला नसेल. त्यानं तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितला आणि दोघांनाही दाखवला नाही. डावा दिवा जरा मागं घ्यावा लागेल म्हणाला. दिवा मागं घेतला, मग पुन्हा पुढं आणला. कॅमेऱ्याची काच पुसली. पंखा बंद केला, पडद्यावर सुरकुती दिसते म्हणून पडदा ओढला. अप्पांची कॉलर उगाच सारखी केली. मुजफ्फर आत डोकावला, त्याला त्यानं नजरेनंच बाहेर घालवलं. दुकानाच्या दारात दाखल्याच्या फोटोसाठी चार माणसं उभी होती, त्यांना थांबायला सांगितलं. खोली तापली होती. बसवराजच्या कपाळावर घाम आला, हसून हसून त्याचे गाल दुखायला लागले असावेत. त्यानं एकदा घड्याळ पाहिलं, मग परत पाहिलं. खिशात मोबाइल वाजायला लागला तसा त्याचा हात खांद्यावरून निघाला.

"हात काढू नका," मुनवर म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की बसवराजनं हात परत ठेवला आणि मोबाइल वाजत राहिला.

"झालं का चाचा?" त्यानं थोड्या वेळानं विचारलं.

"न्हाय," मुनवर म्हणाला, आणि दुसरा दिवा हलवायला गेला.